पोच : डोंगरी मुलखातील बिनतारी संदेशाचा इतिहास

मराठीत ‘पोच’ हा एक लहानसा, काहीसा दुर्लक्षित शब्द आहे. पत्राची पोच द्यायची असते, मनिऑर्डरची पोच यायची असते, एखाद्याच्या बुद्धीची पोच तेवढी नसते. पोहोचणे, पोहोचल्याची कबुली आणि पोहोचण्याची मर्यादा असे तिन्ही अर्थ या दोन अक्षरांनी पोटात घेतले आहेत. संदेशवहनाच्या इतिहासाकडे पाहू लागलो की या तीन अर्थांचीच उलथापालथ तिथे चाललेली दिसते. संदेश किती दूर जातो, तो गेल्याचे पाठवणाऱ्याला कसे कळते आणि कुठल्या रेषेपलीकडे तो जातच नाही, हे ते तीन प्रश्न. तंत्रज्ञानाचा इतिहास हा आम्हा भाषा-साहित्य शिकवणाऱ्यांचा प्रांत नव्हे, हे खरेच. परंतु मोबाइलचा इतिहास सहसा महानगरांतून, कंपन्यांच्या आणि ‘जी’च्या पिढ्यांच्या क्रमाने लिहिला जातो. तो एखाद्या डोंगरी तालुक्यातून, शब्दांच्या वाटेने वाचून पाहिला तर काय दिसते, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तालुका म्हणून आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी डोळ्यांसमोर ठेवला आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग, आंबा घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा. वारणा, कडवी, कासारी या नद्यांची खोरी. खोऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या वाड्या आणि त्यांच्यावर पहारा करणारा विशाळगड. ज्या भूगोलाने हा गड दुर्गम केला, त्याच भूगोलाने पुढे बिनतारी लहरींनाही अडवले. आणि योगायोग असा, की मराठी मनाला ठाऊक असलेला सर्वांत प्रसिद्ध बिनतारी संदेश याच तालुक्याच्या आकाशातून गेला आहे.

१

जुलै १६६०. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पावसाळी रात्री विशाळगडाच्या वाटेला लागले. ही वाट साठेक किलोमीटरची. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांची माणसे पाठलाग थोपवून उभी राहिली. महाराज गडावर पोहोचले की तोफांचे आवाज होतील, तोवर खिंड सोडायची नाही, असा संकेत ठरला होता, ही कथा बखरींनी आणि लोकपरंपरेने जपली आहे. तोफांची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते. संदेशाचा आशय मात्र बदलत नाही. तो एका शब्दाचा आहे : पोहोचलो.

या संकेताची रचना विचार करण्याजोगी आहे. तोफेचा आवाज बोलू शकत नाही. त्याला ‘होय’ म्हणता येते आणि न वाजून ‘अजून नाही’ म्हणता येते. अर्थ आधी ठरलेला असतो, आवाज फक्त त्याला खरे करतो. दृष्टीच्या संकेताला, म्हणजे जाळाला किंवा निशाणाला, समोरासमोरची मोकळी रेषा लागते. आषाढातल्या धुक्यात ती मिळत नाही. तोफेच्या आवाजातल्या खर्जाच्या लहरी लांब असतात, त्या डोंगराच्या कडेवरून वळून दरीत उतरू शकतात. किलोमीटरमागे सुमारे तीन सेकंद, एवढाच तिचा विलंब. सह्याद्रीच्या पावसाळ्यात यापेक्षा भरवशाचे साधन त्या काळी नव्हते. हा संदेश कोणाच्या नावाने पाठवलेला नव्हता. तो सर्वांनाच ऐकू गेला असणार, शत्रूलाही. पण अर्थ फक्त खिंडीतल्यांना ठाऊक होता. आणि तो मिळाल्यावर ऐकणाऱ्याची जबाबदारी संपत होती. पोच आली, आता तुम्ही मोकळे. हा शेवटचा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

तोफ किती दूर मारा करते याला मराठीत ‘पल्ला’ म्हणत आले. आज त्याच कल्पनेसाठी आपण ‘रेंज’ म्हणतो. इंग्रजीतही तो शब्द तोफबंदुकीच्या माऱ्यासाठी वापरात होताच. शब्द बदलला, परंतु कल्पना शस्त्रागारातूनच आली, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हिंदुस्थानात तारायंत्र आले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार सुरू झाली आणि काही वर्षांतच मुंबई, आग्रा, मद्रास जोडली गेली. तार आली, पण ती खेड्यासाठी नव्हती. ती राज्यकारभाराची आणि व्यापाराची होती. खेड्यात पोहोचली ती ‘तार आली’ या शब्दांतली धास्ती. तार म्हणजे कोणीतरी गेले, हे समीकरण इतके घट्ट होते की कागद उघडण्याआधीच घरात रडारड सुरू होई. सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘तार’ हा शब्द अनेक कुटुंबांच्या स्मृतीत केवळ वाईट बातमीचाच शब्द होता.

डोंगरी तालुक्यांचे नित्याचे संदेशवहन टपालाने होत असे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यातून माणसे मुंबईला गिरण्यांत, गोदीत, बाजारपेठांतल्या हमालीला जात राहिली. घरच्यांशी त्यांचे नाते मनिऑर्डरने टिकवले. मनिऑर्डरच्या फॉर्मवर मजकुरासाठी चार ओळींची जागा असे. आणि पैसे मिळाल्यावर सहीची किंवा अंगठ्याची पावती पाठवणाऱ्याकडे परत जाई. तिला पोच म्हणत. लिहिता न येणाऱ्या बाईच्या अंगठ्याचा ठसा गिरणगावातल्या खोलीत येऊन पडे, आणि पैसे मिळाले, माणूस जिवंत आहे, घर उभे आहे, एवढे सगळे तो एकटा सांगे. विशाळगडाच्या तोफेप्रमाणे हाही न बोलणारा संदेश होता. आमच्या मते विसाव्या शतकातील मराठी पत्रव्यवहाराचा जो इतिहास कधीतरी लिहिला जाईल, त्यात या ठशांसाठी एक प्रकरण राखून ठेवायला हवे.

३

तारेची मर्यादा अशी की ती तोडता येते. बेचाळीसच्या चळवळीत महाराष्ट्रात गावोगाव तारा तोडल्या गेल्या त्या याच कारणाने. जी तोडता येत नाही अशी तार हवी, ही सत्तेचीही गरज होती आणि बंडखोरांचीही. १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे विद्युतचुंबकीय लहरी पाठवून दाखवल्या. त्यानंतर मार्कोनीने समुद्र ओलांडला. आपल्या जवळचे टप्पे पाहायचे तर पुणे जिल्ह्यातील खडकी आणि दौंड येथील केंद्रांमार्फत २३ जुलै १९२७ रोजी इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली आणि त्याच दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या रेडिओ केंद्राचे उद्घाटन झाले. दोन्ही समारंभ व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, त्याच मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडेपर्यंत जागा बदलत बदलत तो बोलत राहिला. तोडायला तार नव्हती. शोधायला मात्र लहर होती. पोहोचणारा पकडलाही जातो, हा धडा बिनतारी माध्यमाने तेव्हाच दिला.

‘बिनतारी’ हा शब्दही मजेशीर आहे. वस्तू काय आहे हे तो सांगत नाही, तिच्यात काय नाही एवढेच सांगतो. नव्याचे नाव जुन्याच्या अभावावरून पडले. पुढे ‘आकाशवाणी’ आली, ती थेट पुराणांतून. म्हैसूरच्या केंद्राने १९३५ च्या सुमारास वापरलेले हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळाले. आकाशवाणी एकदिश असते. तिला उलट उत्तर देता येत नाही. डोंगरातल्या वाड्यांना बिनतारी जगाची पहिली ओळख झाली ती अशी, ऐकण्यापुरती. १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले आणि या भागाला आपल्या बोलीच्या जवळचा आवाज मिळाला. परंतु बोलण्याचा अधिकार अजून यायचा होता.

४

तो येण्याच्या वाटेवर एक टप्पा विस्मरणात गेला आहे. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने धूळ-उष्णतेत, वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज घडवले. त्यातले पहिले १९८६ मध्ये बेळगावजवळच्या कित्तूर येथे बसले. एसटीडीच्या पिवळ्या पाट्या तालुक्याच्या बाजारपेठांत झळकू लागल्या. पण जिथे खांब उभे करणे परवडत नव्हते, अशा गावांसाठी १९९० च्या दशकात दूरसंचार खात्याने एक बिनतारी उपाय देशभर वापरला. तालुक्याच्या ठिकाणी मुख्य रेडिओ केंद्र, आणि गावात उंच काठीवर अँटेना लावलेला एकच सार्वजनिक फोन. ही यंत्रणा वारंवार बंद पडे आणि पुढे ती मोडीत काढून दुसऱ्या पद्धतीचे फोन द्यावे लागले. तरीही ‘गावात फोन आहे’ हे वाक्य अनेक खेड्यांत प्रथम खरे झाले ते अशा बिनतारी फोनमुळे. फोन गावाचा होता, व्यक्तीचा नव्हता. निरोप ज्याला, त्याला शिवारातून हाकारून आणावे लागे. हाक आणि फोन या दोन युगांची गाठ तिथे पडली होती.

५

मोबाइल फोनच्या मुळाशी असलेली कल्पना १९४७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी मांडली. मोठ्या प्रदेशाला एकच जबरदस्त प्रक्षेपक पुरवण्याऐवजी त्याचे षट्‌कोनी घरांत तुकडे करायचे, प्रत्येक घराला छोटा प्रक्षेपक द्यायचा, आणि शेजारची घरे सोडून त्याच लहरी पुन्हापुन्हा वापरायच्या. नकाशा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो आणि पोळ्याच्या घरासाठीचाच इंग्रजी शब्द या फोनच्या नावात आहे. हातात धरून बोलण्याचा फोन मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वापरून दाखवला. पुढे युरोपने एक सामाईक डिजिटल पद्धत ठरवली, तिचा पहिला संवाद १९९१ मध्ये फिनलंडमध्ये झाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून या सेवेचा प्रारंभ केला.

हे पोळे सपाट कागदावर सुरेख दिसते. सह्याद्रीत ते मोडते. नऊशे मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे पाऊण हात. २३०० मेगाहर्ट्‌झची सुमारे १३ सेंटिमीटर, वितीहूनही कमी. पाचव्या पिढीच्या एका मुख्य पट्ट्यातली जेमतेम ९ सेंटिमीटर. लहर जितकी आखूड, तितकी तिच्यात माहिती वाहून नेण्यास जागा मोकळी; पण तितकीच ती डोंगराच्या कडेवरून वळायला नाखूश. म्हणजे तंत्रज्ञानाच्या प्रत्येक नव्या पिढीत शहराचा वेग वाढत असताना दरीतल्या वाडीशी लहरीचे वैर मात्र वाढत जाते, अधिक मनोरे उभारल्याशिवाय ते मिटत नाही. आणि अधिक मनोऱ्यांना अधिक गिऱ्हाईक लागते. पावसाळ्यात वीज गेली, मनोऱ्याच्या बॅटऱ्या उतरल्या, की तालुक्याचा एखादा कोपरा पुन्हा टपालाच्या काळात जाऊन बसतो. ‘रेंज गेली’, ‘रेंज आली’ असे आपण म्हणतो, ‘लाईट गेली’ म्हणतो तसे. स्त्रीलिंगी, लहरी, येणारी-जाणारी. मराठीने हा शब्द उसना घेतला खरा, पण त्याला व्याकरण दिले ते आपल्या टंचाईच्या अनुभवाचे.

भूगोलाच्या जोडीला प्रशासनाचा नकाशा होता. परवान्यांसाठी देशाचे जे विभाग पाडले गेले, त्यांत मुंबई स्वतंत्र आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून वेगळा विभाग झाला. महाराष्ट्र विभागात सेवा १९९७ च्या सुमारास सुरू होऊ लागली, ती आधी मोठ्या शहरांत. परिणाम असा की मुंबईत कमावणाऱ्या माणसाचा फोन गावी आला की ‘रोमिंग’वर जाई. ज्या रेषेवरून पिढ्यान्‌पिढ्या मनिऑर्डरी गेल्या, नेमकी तीच रेषा नव्या नकाशात परक्या मुलखाची सीमा ठरली. घरी आलेला माणूस यंत्राच्या लेखी परदेशी होता.

६

सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले आणि मोबाइल खऱ्या अर्थाने खेड्यात शिरला. त्याच्या हातात हात घालून शिरला तो ‘मिसकॉल’. तो ‘द्यायचा’ असतो, ‘मारायचा’ही असतो. पोहोचल्यावर मिसकॉल दे, एसटीत बसलास की मिसकॉल मार, दोनदा दिला तर ये, एकदा दिला तर थांब. अभियंत्यांनी ज्याला अयशस्वी संभाषण मानले, त्यातून गरीब माणसाने एक फुकट लिपी घडवली. तिची रचना विशाळगडच्या तोफेसारखीच आहे. अर्थ आधी ठरलेला, आवाज केवळ त्याला खरे करणारा. ज्याच्या खिशात पैसे नव्हते त्याने, नकळत, या मुलखाची सर्वांत जुनी संकेतपद्धती पुन्हा शोधून काढली.

लेखी संदेशाची गोष्ट याहून कष्टाची. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला आणि त्याची मर्यादा १६० अक्षरांची ठरली, रोमन अक्षरांची. देवनागरीत तोच संदेश लिहिला तर ७० चिन्हांतच संपतो, आणि त्यात काना-मात्राही स्वतंत्र मोजल्या जातात. ‘पोहोचलो’ हा शब्द देवनागरीत सात चिन्हांचा आहे; एका संदेशात तो दहा वेळा मावतो. रोमन अक्षरांत तो आठांचा, पण वीस वेळा मावतो. त्यात सुरुवातीच्या अनेक फोनांना देवनागरी येतच नव्हती. आमच्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीने मराठी प्रेमपत्रे, निरोप आणि भांडणे रोमन लिपीत केली, ती इंग्रजीच्या मोहाने नव्हे. यंत्रात आपल्या लिपीला निम्म्याहून कमी जागा होती म्हणून. मराठीच्या अधोगतीविषयी बोलताना हा हिशेब आपण सहसा धरत नाही.

पुढे व्हॉट्सॲप आले आणि त्याच्या खुणा. एक खूण म्हणजे संदेश निघाला, दोन म्हणजे पोहोचला, आणि २०१४ च्या अखेरीपासून, दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे वाचला गेला. पोच आता यंत्रच देते. माणसाच्या सहीची, ठशाची, इच्छेची गरज उरली नाही. खरे तर हे त्याहूनही खोल आहे. कोणी बोलत नसतानाही चालू मोबाइल अधूनमधून जवळच्या मनोऱ्याला आपली उपस्थिती कळवत असतो, कारण त्याशिवाय येणारा फोन कुठे पाठवायचा हे जाळ्याला कळणार नाही. ‘मी इथे आहे’ हे वाक्य या सगळ्या यंत्रणेचा पाया आहे. घोडखिंडीत पोच मिळाली आणि माणसे कर्तव्यातून मोकळी झाली. आजची पोच मात्र कधी संपतच नाही, ती मोकळे करत नाही, बांधून ठेवते. काँग्रेस रेडिओने शिकवलेला धडा आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

७

परंतु बांधले जाण्याची तक्रार करण्यासाठीही आधी जाळ्यात असावे लागते. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग फोनवर आले, तेव्हा ही गोष्ट आम्हाला पुस्तकाबाहेर शिकावी लागली. हजेरीच्या वेळी काही नावे रोज गप्प असत. कारण आळस नव्हता. कोणी सड्यावर चढून बसलेले असे, कोणी छत्री धरून रस्त्याच्या वळणावर. कोणाला तेही शक्य नसे. शेजारच्या सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याची बातमी त्याच वर्षी गाजली. तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्या कौतुकाच्या कोलाहलात एक साधा प्रश्न दबून गेला : डोंगरावर चढून जाणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी कधीपासून झाली?

या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये, म्हणजे देशातल्या पहिल्या मोबाइल संवादाच्या काही महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने आकाशातल्या प्रक्षेपण-लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्या सर्वांच्या असतील, तर दरीतल्या वाडीच्याही आहेत. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के रक्कम ग्रामीण व दुर्गम भागांसाठी वेगळी काढण्याची व्यवस्था २००२ पासून आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर त्या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. तरीही जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने चौथ्या पिढीची सेवा नसलेल्या गावांसाठी योजना मंजूर केली, तेव्हा अशा गावांची संख्या २४,६८० होती. देशात पहिला मोबाइल वाजून तेव्हा सत्तावीस वर्षे होत आली होती, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशात पाचव्या पिढीचे उद्घाटन झाले. एकाच वर्षात देशाचा एक भाग पाचव्या पायरीवर पाऊल ठेवतो आणि दुसरा चौथीची वाट पाहतो. म्हणूनच पिढ्यांच्या क्रमाने लिहिलेला इतिहास आम्हाला अपुरा वाटतो. तो आघाडीच्या टोकाने लिहिलेला असतो. जिथे रेंज संपते तिथून तो लिहिला, तर वेगळ्याच नोंदी पुढे येतील.

या नोंदी करणे साहित्याच्या विद्यार्थ्यांना शक्य आहे, असे आम्हाला वाटते. गावोगावी जिथे रेंज मिळते ते टेकाड, तो बांध, ते देवळाचे जोते कोणते. त्या जागेला काही नाव पडले आहे काय. मिसकॉलचे कोणते संकेत घराघरांत ठरले होते. गावच्या एकमेव फोनवर पहिला निरोप कोणता आला. मनिऑर्डरची जुनी पोच कोणाच्या ट्रंकेत जपून ठेवलेली आहे काय. ज्यांनी गावच्या फोनसाठी शिवारात हाका मारल्या, ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे जायला रेंज लागत नाही, चालत जावे लागते.